भांडवल, श्रम आणि उत्पादकता: देशाची अर्थव्यवस्था वाढते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे पायाभूत आहेत, पुढचे अडचणीचे होत जातात. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असं लिहिलं आहे; दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. आर्थिक वाढ म्हणजे जीडीपी वाढणं, एवढंच ना?

मोजण्यापुरतं, हो. वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं मोल म्हणजे जीडीपी. त्यातला महागाईचा फुगवटा वजा केला की उरते ती खरी वाढ. पण एकूण वाढ आणि दरडोई वाढ यांची गल्लत करू नका. जीडीपी ३ टक्क्यांनी वाढला आणि माणसंही ३ टक्क्यांनी वाढली, तर कुणाच्याच वाट्याला जास्त काही आलं नाही. राहणीमानाबद्दल बोलायचं असेल तर दरडोई आकडाच बघावा.

छोट्या वाटणाऱ्या फरकांचं दीर्घकाळात काय होतं ते पाहायला एक सोपा हिशोब आहे: ७० ला वाढीच्या दराने भागायचं. वर्षाला २ टक्के वाढ असेल तर उत्पन्न दुप्पट व्हायला साधारण ३५ वर्षं लागतात, ७ टक्के असेल तर १०.

२. भांडवल म्हणजे पैसाच ना? मग नोटा छापून ते वाढवता येणार नाही का?

नाही येणार. इथे भांडवल म्हणजे उत्पादनाला हातभार लावणाऱ्या, माणसाने बनवलेल्या टिकाऊ गोष्टी: यंत्रं, इमारती, रस्ते, बंदरं, वीजकेंद्रं, संगणक, सॉफ्टवेअर. एकाने विकलेला शेअर दुसऱ्याने घेतला, तर मालक बदलला. देशाच्या भांडवलात काही भर पडली नाही. नोटा छापल्याने देशातलं सिमेंट, पोलाद आणि कुशल हात वाढत नाहीत, त्यांच्यासाठीची ओढाताण तेवढी वाढते.

भांडवल झिजतं, हे मात्र कायम लक्षात ठेवायचं. वर्षभरातल्या गुंतवणुकीचा मोठा हिस्सा जुन्याची झीज भरून काढण्यातच जातो. त्याचा परिणाम प्रश्न ६ मध्ये दिसेल.

३. श्रम कसे मोजतात? डोकी मोजायची की तास?

जमेल तिथे तास. फ्रान्स आणि अमेरिका घ्या. दर कामगारामागे पाहिलं तर फ्रान्स बराच मागे दिसतो. दर तासामागे पाहिलं तर अंतर खूपच कमी होतं, कारण फ्रेंच कामगार वर्षाला कमी तास काम करतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

शिवाय सगळे तास सारखे नसतात. अनुभवी वेल्डरचा तास आणि पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ मुलाचा तास यांत फरक आहे. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या हिशोबात शिक्षण आणि अनुभवानुसार तासांना वजन देतात, आणि ते वजन बहुधा मजुरीवरून ठरवतात. शाळेत घालवलेली वर्षं मोजणं सोपं असतं, शाळेत काय शिकलं ते मोजणं अवघड. पटावर विद्यार्थी वाढले पण त्यांना धड वाचता येत नसेल, तर कागदावरचं मानवी भांडवल कारखान्यात कुठेच सापडत नाही.

४. उत्पादकता वाढवा म्हणजे जास्त राबा, असंच ना?

उलट आहे. जास्त राबलात तर श्रम वाढले. तेवढ्याच श्रमात जास्त निघालं तर उत्पादकता वाढली.

बातम्यांत या एकाच शब्दाखाली दोन गोष्टी येतात. पहिली श्रम उत्पादकता: एकूण उत्पादन भागिले कामाचे तास. ही मोजायला सोपी, पण ती कशामुळे वाढली ते सांगत नाही. फावडं काढून घेऊन खोदयंत्र दिलं तरी ती वाढेल. दुसरी एकूण घटक उत्पादकता: श्रम आणि भांडवल दोन्ही जेवढ्यास तेवढे ठेवून उत्पादन किती वाढलं. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जुळणी-रांग आली, तेव्हा गाडीचा सांगाडा जोडायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. नवी उपकरणं लागली हे खरं, पण मुख्य बदल कामाच्या मांडणीत होता: माणूस गाडीकडे जाण्याऐवजी गाडी माणसाकडे येऊ लागली. अशी वाढ या दुसऱ्या आकड्यात दिसते.

५. एखाद्या देशाची वाढ किती भांडवलामुळे आणि किती उत्पादकतेमुळे, हे ठरवतात कसं?

वजाबाकीने. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ च्या लेखात दाखवलेली ही रीत थोड्याफार सुधारणांसह आजही वापरतात.

समजा उत्पादन ६ टक्क्यांनी वाढलं, भांडवल ९ टक्क्यांनी आणि कामाचे तास १ टक्क्याने. राष्ट्रीय उत्पन्नातला ४० टक्के वाटा भांडवलाच्या मालकांना जातो आणि ६० टक्के श्रमाला. मग भांडवलाचं योगदान ९ गुणिले ०.४, म्हणजे ३.६. श्रमाचं १ गुणिले ०.६, म्हणजे ०.६. दोन्ही मिळून ४.२. उरलेले १.८ टक्के दोघांपैकी कुणाच्याच खात्यावर टाकता येत नाहीत. ती एकूण घटक उत्पादकता.

म्हणजे हा आकडा कुणी थेट मोजलेला नसतो, उरलेला असतो. सोलो यांनी अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाला ही रीत लावली. त्या ४० वर्षांत दर तासाचं उत्पादन सुमारे दुप्पट झालं होतं, आणि त्यातला साधारण सात-अष्टमांश भाग या शेषात गेला. वाढलेल्या भांडवलाच्या वाट्याला उरला एक-अष्टमांश. वाढ म्हणजे कारखाने उभारणं, असं मानणाऱ्यांना हा धक्काच होता. सोलो यांना १९८७ मध्ये नोबेल मिळालं ते वाढीच्या सिद्धांतावरच्या कामासाठी.

नंतर डेल जॉर्गेन्सन आणि झ्वी ग्रिलिचेस यांनी श्रम आणि भांडवल यांचा दर्जा अधिक बारकाईने मोजला, तर शेष बराच आकसला. कुणी १.८ सांगतो आणि कुणी १.१, तेव्हा दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं नाही. बहुधा एकाने शिक्षण श्रमात धरलेलं असतं आणि दुसऱ्याने नसतं.

६. मग दरवर्षी जास्तीत जास्त गुंतवणूक करत राहिलं तर वाढ कायम चालू राहील ना?

काही काळ, आणि तो काळ बराच मोठाही असू शकतो. पुढे मात्र गाडी दोन ठिकाणी अडते.

एक म्हणजे घटतं फल. शिंप्याकडे शिलाई मशीन नसेल तर पहिलं मशीन त्याचं आयुष्य बदलतं. दुसरं मशीन नादुरुस्तीच्या दिवशी उपयोगी पडतं. पाचव्याला बसायला माणूसच नाही. देशाचं गणितही याच दिशेने जातं, फक्त तिथे पाचवं मशीन यायला काही दशकं लागतात.

दुसरी अडचण झिजेची. भांडवलाचा साठा वाढला की दरवर्षीची झीजही त्याच प्रमाणात वाढते. एका टप्प्यावर सगळी नवी गुंतवणूक झीज भरण्यात आणि नव्या कामगारांना जुन्यांइतकीच साधनं देण्यात संपते. दर माणशी साधनं वाढायची थांबतात. सोलो आणि ऑस्ट्रेलियाचे ट्रेव्हर स्वान या दोघांनी १९५६ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. त्यातून निघणारा निष्कर्ष आजही अनेकांच्या गळी उतरत नाही: बचतीचा दर वाढवल्याने उत्पन्नाची पातळी वर जाते, पण वाढीचा दर कायमचा वर जात नाही.

सोव्हिएत संघ हे याचं ठळक उदाहरण. शेतीतली माणसं कारखान्यांत आणली, उपभोग दाबून गुंतवणूक फुगवली, आणि काही दशकं वाढ खरोखर वेगाची झाली. पाश्चात्त्य देशांत त्याची धास्तीही होती. पण सत्तरच्या दशकात गुंतवणूक जोरात चालू असतानाही वाढ मंदावत गेली. हलवायला माणसं उरली नव्हती आणि त्याच प्रकारच्या आणखी यंत्रांतून जास्त काही निघत नव्हतं.

७. सिंगापूर तर गुंतवणुकीवरच श्रीमंत झालं. मग प्रश्न ६ चं उत्तर खोटं ठरत नाही का?

हा प्रश्न विचारणारे बरोबर जागी बोट ठेवतात. ॲल्विन यंग यांनी १९९५ मध्ये पूर्व आशियातल्या चार ‘वाघां’चा (हाँगकाँग, सिंगापूर, दक्षिण कोरिया, तैवान) हिशोब मांडला. १९६६ ते १९९० या काळात सिंगापूरच्या एकूण घटक उत्पादकतेची वाढ त्यांना वर्षाला फक्त ०.२ टक्के दिसली, हाँगकाँगची २.३. सिंगापूरची बहुतेक सगळी वाढ साधनं ओतून झाली होती. काम करणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण २७ टक्क्यांवरून ५१ वर गेलं, गुंतवणूक जीडीपीच्या ४० टक्क्यांपलीकडे पोचली, शिक्षणही झपाट्याने वाढलं. पॉल क्रुगमन यांनी त्याआधीच, १९९४ मध्ये, यंग यांच्या तोवरच्या कामाच्या आधारे सिंगापूरची तुलना सोव्हिएत संघाशी केली, आणि बरंच वादळ उठलं.

तुलनेत तर्क आहे: काम करणाऱ्यांचं प्रमाण २७ वरून ५१ होऊ शकतं, ५१ वरून १०२ होऊ शकत नाही. पण सिंगापूर नंतर कोसळलं नाही. चांग-ताई शे यांनी २००२ मध्ये वेगळ्या बाजूने तपासलं: भांडवल खरंच एवढं ओतलं गेलं असेल तर त्यावरचा परतावा घसरायला हवा होता, आणि तो तसा घसरलेला त्यांना दिसला नाही. त्यांच्या हिशोबाने सिंगापूरची उत्पादकता यंग म्हणतात त्यापेक्षा बरीच वेगाने वाढली होती.

माझं मत विचाराल तर, साधनं ओतून गरिबीतून बाहेर पडता येतं आणि त्यात कमीपणा काही नाही. अवघड आहे ते त्यानंतरचा टप्पा वेळेवर ओळखणं.

८. तो उरलेला शेष (प्रश्न ५) म्हणजेच तंत्रज्ञान, बरोबर?

अर्धंच बरोबर. मोजेस अब्रामोविट्झ यांनी १९५६ मध्येच या शेषाला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं. त्यात तंत्रज्ञान असतं. तसंच व्यवस्थापन, कायद्याची अंमलबजावणी, हवामान, मोजमापातल्या चुका आणि चुकीच्या जागी अडकलेली साधनंही असतात.

व्यवस्थापनाचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ नंतर मुंबईच्या आसपासच्या मोठ्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे सुताचा साठा नोंदीशिवाय ढिगांनी पडलेला असे. कुठलं सूत शिल्लक आहे ते माहीत नसल्याने तेच पुन्हा मागवलं जाई. माग बंद पडेपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. कापडात दोष किती आणि कुठल्या कारणाने, याची मांडणी नव्हती. काही कारखान्यांना सल्लागार दिले. त्यांनी नवं तंत्रज्ञान आणलं नाही: साठ्याची नोंद, ठरलेल्या तारखेला देखभाल, दोषांचा रोजचा तक्ता, असल्याच गोष्टी बसवल्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे आधीच का केलं नव्हतं? अनेक मालकांना आपला कारखाना ठीक चाललाय असंच वाटत होतं.

चुकीच्या जागी अडकलेल्या साधनांबद्दल शे आणि पीटर क्लेनो यांचं २००९ चं काम आहे. एकाच उद्योगात उत्तम आणि सुमार कारखाने शेजारीशेजारी तग धरून असतात, आणि भांडवल आणि कामगार उत्तमाकडे सरकत नाहीत. ही वाटणी अमेरिकेत जेवढी बरी आहे तेवढी जरी झाली, तरी चीनच्या कारखानदारीची उत्पादकता ३० ते ५० टक्क्यांनी आणि भारताची ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा अंदाज होता. एकही नवं यंत्र न घेता.

९. मोठा शोध लागतो, मग आकड्यांत लगेच का दिसत नाही?

कारण शोध विकत घेता येतो, त्याभोवतीची कामाची घडी विकत घेता येत नाही.

विजेचं पाहा. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. अमेरिकन कारखानदारीच्या उत्पादकतेत खरी उसळी आली १९२० च्या दशकात. मधल्या काळात काय चाललं होतं? वाफेच्या कारखान्यात एकच मोठं इंजिन असे. त्यातून छताखाली लांबलचक दांडा फिरे, आणि दांड्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळे. त्यामुळे यंत्रांची जागा काम कसं पुढे सरकतं यावरून ठरत नसे, दांडा कुठून जातो यावरून ठरे. इमारतीही त्यासाठी उभ्या, मजल्यांच्या बांधलेल्या. सुरुवातीला मालकांनी एवढंच केलं की इंजिन काढून तिथे मोठी विजेची मोटर बसवली. दांडा तोच, पट्टे तेच. फायदा जेमतेम. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर आली, कारखाने एकमजली आणि ऐसपैस झाले, यंत्रं कामाच्या क्रमाने मांडली गेली, तेव्हा विजेने आपलं खरं देणं दिलं. त्यासाठी जुन्या इमारती मोडीत निघाव्या लागल्या आणि वेगळ्या पद्धतीने विचार करणारे अभियंते तयार व्हावे लागले. अर्थशास्त्रीय इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये संगणकाच्या संदर्भात या इतिहासाची आठवण करून दिली.

संगणकाचंही तसंच झालं. संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असं सोलो १९८७ मध्ये म्हणाले होते. अमेरिकेत ती वाढ १९९५ नंतर दिसली, साधारण दहा वर्षं टिकली आणि पुन्हा ओसरली. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे वाढ किती होईल, हा प्रश्न सध्या सगळ्यात जास्त येतो. कुणी आत्ताच टक्क्यांत उत्तर देत असेल तर त्याला छताखालच्या दांड्याबद्दल विचारा.

१०. कल्पना हेही एक प्रकारचं भांडवलच नाही का? वेगळं का धरायचं?

कारण एक ट्रक एका वेळी एकाच रस्त्यावर धावतो, पण एक सूत्र एकाच वेळी कितीही जणांना वापरता येतं आणि कुणाचंही कमी होत नाही. पॉल रोमर यांनी १९९० मध्ये यावरच वाढीचा सिद्धांत उभा केला. त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. यंत्रांवर लागू होणारं घटतं फल (प्रश्न ६) कल्पनांना तसं लागू होत नाही.

पण यातच पेच आहे. कल्पना सगळ्यांना फुकट वापरता आली तर ती शोधायचा खर्च कोण करणार? आणि पेटंटने कुलूपबंद केली तर पसरणार कशी? याचं सगळीकडे चालेल असं उत्तर नाही. म्हणून मूलभूत संशोधनाला सार्वजनिक पैसा आणि उपयोजित शोधांना मुदतीचं पेटंट, अशी तडजोड बहुतेक देशांनी केली आहे.

११. गरीब देशात यंत्रं कमी, म्हणजे तिथे नव्या यंत्राचा फायदा जास्त. मग जगातला पैसा तिकडे का धावत नाही?

रॉबर्ट लुकास यांनी १९९० मध्ये हाच प्रश्न विचारला. साध्या सूत्राप्रमाणे भारतातल्या भांडवलाचा परतावा अमेरिकेतल्या परताव्याच्या ५८ पट निघायला हवा होता. तसं असतं तर अमेरिकेत कुणी एक डॉलरही गुंतवला नसता. अर्थात सूत्रात काहीतरी सुटलं होतं. यंत्र चालवणारा कुशल माणूस, अखंड वीज, करार मोडल्यास दाद देणारं न्यायालय, माल बंदरापर्यंत नेणारा रस्ता, हे नसेल तर कागदावरचा जास्त परतावा हातात पडत नाही. भांडवल आणि उत्पादकता आपण हिशोबात वेगळी काढतो. प्रत्यक्षात एक जिथे असते तिथेच दुसरं जातं.

म्हणूनच गरीब देश आपोआप श्रीमंतांना गाठतात असं दिसत नाही. युद्धानंतरच्या जर्मनी आणि जपानने मात्र वेगाने अंतर कापलं, कारण तिथे कारखाने पडले होते, पण कसब आणि संस्था शिल्लक होत्या.

१२. तरुण लोकसंख्या जास्त असेल तर वाढ आपोआप होते का?

आपोआप काही होत नाही. कमावत्या वयाच्या लोकांचं प्रमाण वाढलं तर दरडोई उत्पन्नाला एकदाच मिळणारा रेटा मिळतो, तोही त्यांना काम असेल तरच. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये दाखवलं की शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतील, तर त्यांना उद्योगात हलवल्याने शेतीचं उत्पादन फारसं न घटता देशाचं वाढतं. स्त्रिया मोठ्या संख्येने पगारी कामात येणं हाही असाच एकदाचा रेटा आहे. (घरातलं बिनपगारी काम जीडीपीत धरत नसल्याने त्यातला काही भाग निव्वळ कागदी असतो, हे कुणी फारसं सांगत नाही.)

उलट्या दिशेने जपान बघा. तिथली १५ ते ६४ वयाची लोकसंख्या १९९५ च्या सुमारास शिखरावर होती, तेव्हापासून ती घटते आहे. एकूण जीडीपी मरगळलेला दिसतो. पण कामाच्या वयाच्या प्रत्येक माणसामागे पाहिलं तर जपानची वाढ अमेरिकेच्या फार मागे नाही.

१३. बाहेरून माणसं आली की इथल्यांची कामं जातात ना?

देशातल्या कामाचा आकडा ठरलेला आहे असं धरलं, तर जातात. तो ठरलेला नसतो: आलेला माणूस खर्चही करतो, आणि त्याच्या हातांच्या भरवशावर नवी गुंतवणूकही होते. १९८० मध्ये क्यूबातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत आले, आणि मायामीची श्रमशक्ती ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात तिथल्या कमी कौशल्याच्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जाणवण्यासारखा परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी नंतर तेच आकडे शालान्त शिक्षण पूर्ण न केलेल्या पुरुषांपुरते तपासून मजुरी घसरल्याचं मांडलं. वाद मिटलेला नाही. यंत्रांमुळे कामं जातात का, या प्रश्नाचं उत्तरही याच वळणाचं आहे, मजुरीपुरतं प्रश्न १४ पाहा.

१४. उत्पादकता वाढली की पगार वाढतातच का?

दीर्घकाळात दोन्ही बरोबर चालतात, कारण पगार शेवटी उत्पादनातूनच निघतो. पण अमुक वर्षी अमुक कामगाराला त्याचा वाटा मिळेलच, याची हमी नाही. राष्ट्रीय उत्पन्नातला श्रमाचा वाटा घसरू शकतो. किंवा सरासरी पगार वाढतो आणि ती वाढ वरच्या थरातच राहते.

फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, त्याला अनेकदा औदार्य म्हणतात. जुळणी-रांगेवरचं काम इतकं कंटाळवाणं होतं की माणसं टिकत नव्हती, आणि सतत नवी माणसं शिकवणं महाग पडत होतं. उत्पादकतेने पगार परवडण्याजोगा केला. तो द्यायला लावला माणसं सोडून जात होती या वस्तुस्थितीने.

१५. मंदीत उत्पादकता वाढल्याची बातमी आली. हे कसं काय?

सरासरीची गंमत आहे. २०२० मध्ये अमेरिकेत उत्पादन घसरलं, तरी दर तासाचं उत्पादन वाढलं. कारण सगळ्यात आधी बंद पडली उपाहारगृहं, हॉटेलं, दुकानं, जिथे दर तासाचं मोल कमी असतं. ते तास सरासरीतून गळाले आणि उरलेल्यांची सरासरी वर गेली. कुणीही आधीपेक्षा चांगलं काम करत नव्हतं.

इतर मंदींत उलटही होतं: मालक कसबी माणसांना काढत नाहीत, ती अर्धा दिवस बसून असतात, आणि उत्पादकता घसरलेली दिसते. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर मत बनवू नये. पाच-दहा वर्षांचा कल पाहावा.

१६. भूकंप किंवा युद्धानंतर वाढीचा दर उसळतो. म्हणजे विध्वंस फायद्याचा?

नाही. भांडवल नष्ट झालं की उरलेल्यावरचा परतावा जास्त असतो, त्यामुळे पुनर्बांधणीच्या काळात दर मोठा दिसतो. पण तो खाली गेलेल्या पातळीवरून मोजलेला असतो. शिवाय पडलेला पूल जीडीपीतून वजा होत नाही आणि नवा बांधला की अधिक होतो. जीडीपी हा वर्षाच्या उलाढालीचा हिशोब आहे, संपत्तीचा नाही.

माणसं मेली तर गणित आणखी विचित्र दिसतं. चौदाव्या शतकातल्या प्लेगने इंग्लंडची लोकसंख्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली, आणि वाचलेल्यांची खरी मजुरी पुढे वाढली, कारण जमीन तेवढीच राहिली आणि हात कमी झाले. दरडोई आकडा सुधारला म्हणून देशाचं बरं झालं, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

१७. शिक्षक, परिचारिका, कलावंत यांची उत्पादकता वाढत नाही. मग त्यांचे पगार का वाढतात?

कारण ते वाढवले नाहीत तर माणसं दुसऱ्या कामाला जातील. विल्यम बॉमोल यांनी साठच्या दशकात हे मांडलं: चार वादकांना एक रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. पण कारखान्यात पगार वाढल्यावर वादकांनाही वाढवून द्यावा लागतो, म्हणून मैफल महागते. देश श्रीमंत होतो तसा खर्चातला मोठा हिस्सा अशा सेवांकडे जातो, आणि एकूण उत्पादकतेचा वेग मंदावतो. हा रोग म्हणून ओळखला जातो. मला तो श्रीमंतीचा खर्च वाटतो.

मोजमापाचीही खोट आहे. सरकारी सेवांना बाजारभाव नसतो, म्हणून अनेक देशांत त्यांचं उत्पादन म्हणजे त्यांच्यावर झालेला खर्च असं धरतात. मग शिक्षकाने कितीही चांगलं शिकवलं तरी त्याची उत्पादकता हिशोबात हलत नाही.

१८. एखाद्या छोट्या देशाचा दरडोई आकडा अमेरिकेहूनही मोठा दिसतो. तो खरोखर तितका उत्पादक असतो का?

आधी तेल किंवा वायू आहे का ते पाहा. जमिनीतून काढलेली संपत्ती उत्पादनात मोजली जाते, पण संपत चाललेला साठा झीज म्हणून जीडीपीतून वजा होत नाही.

मग मुख्यालयं पाहा. आयर्लंडने २०१५ साली २६ टक्के वाढ जाहीर केली. त्या वर्षात आयरिश माणूस एक चतुर्थांश जास्त काम करू लागला नव्हता. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि इतर बौद्धिक मालमत्ता करसवलतीसाठी तिथल्या नावावर केली होती. भांडवल कागदोपत्री आलं, त्यावरचं उत्पन्नही कागदोपत्री तिथेच मोजलं गेलं. प्रश्न ५ मधली वजाबाकी अशा आकड्यांवर केली तर काहीही उत्तर निघतं. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने पुढे अशा गोष्टी वगळून काढलेलं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न स्वतंत्रपणे द्यायला सुरुवात केली. आयर्लंडबद्दल काही ठरवायचं असेल तर तोच आकडा वापरा.